देव गेल्यावरची मूर्ती

सांगलीच्या एका कंपनीत लिफ्ट चालवणारे प्रोग्राम लिहीत. तिथले मुख्य इंजिनियर खरवंडीकर साहेब म्हणजे बडं प्रस्थ! त्यांच्यापुढे ब्र काढायची कोणाची टाप नव्हती. हाताखालच्या यामिनी साळगावकरवर त्यांचा जीव होता, म्हणून तिच्यावर ते जरा जास्तच डाफरत.

एका सकाळी तिच्या प्रोग्राममधल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "मेमरीच्या या जागेतली माहिती तू आधीच दुसरीकडे हलवलीस ना? मग रिकाम्या जागेची आणखी विल्हेवाट कशाला? काढ ती ओळ!"

"सर, ती ओळ नसेल, तर ती जागा अडूनच राहते. अशा जागा साठत गेल्या, तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच बंद पडेल. आत माणसं असतील."

"रिकामं ते रिकामं! मला पटवून दे, नाहीतर संध्याकाळी मीच ती ओळ उडवतो."

दुपारी ऑफिसच्या गणपतीचं विसर्जन होतं. साहेबांनी सोवळं नेसून उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या, मूर्ती जागची जराशी हलवली आणि ती उचलायला वाकले.

"राहू द्या ना सर," यामिनी म्हणाली. "देव तर गेले. आता ही नुसती माती. कृष्णेपर्यंत कशाला न्यायची?"

साहेब भडकले. "अगं, देव गेले म्हणून मूर्ती अशीच टाकून जायची? आपण बसवली, आपणच पोचवायची!"

"मग सर, ती ओळ?"

साहेबांनी मूर्ती उचलून हातात धरली. मग मिशीतल्या मिशीत हसले.

"राहू दे ती. आणि माझ्या प्रोग्राममध्ये जिथे नाहीये, तिथेही घाल. आता मोरया म्हण!"