पासंग

“...मग एकाला सात वर्षं आणि दुसऱ्याला कमी, हा न्याय कसला, बाबा?”

हैदरबाबा फकीर वैजयंतीबाईंचं ऐकत ऐकत गूळ फोडत होते.

उद्या उरूस होता. दर्ग्यात आलेला गूळ आदल्या दिवशी घरोघरच्या बायकांना मलिद्यासाठी सारखा वाटायचा, ही तिथली रीत. पूर्वी तो मुठीने वाटत. त्यावरून एकदा बायकांची अशी जुंपली, की तेव्हापासून बाबा तराजू घेऊनच बसत.

वैजयंतीबाई जिल्ह्याला न्यायाधीश होत्या. शाळेत असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या बाबांकडे यायच्या, ती सवय अजून सुटली नव्हती. बाकीचे न्यायाधीश बाईंच्या पासंगालाही पुरत नाहीत, असं वकील म्हणत. ते कानावर आलं की बाईंना गोड लागायचं, खोटं कशाला बोला. पासंग ही वस्तू मात्र त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

“सराफाच्या मुलाने भांडणात एकाचं डोकं फोडलं,” त्या म्हणाल्या. “त्याला सात वर्षं दिली. सोपाननेही तेच केलं. उद्या त्याला शिक्षा सुनावायची आहे.”

“सोपान... वीटभट्टीवरचा?”

“तोच. आई लहानपणीच गेली. मामाने खांबाला बांधून वाढवला. कानात आवाज येतात... डॉक्टर म्हणतात, आजार खरा आहे. पण आपण काय करतोय हे त्याला कळत होतं, म्हणून गुन्हा शाबीत झाला. वाईट मलाही वाटतं, बाबा. झोप लागत नाही. पण माझं वजन सगळ्यांना एकच!”

“वा!” बाबा खूश झाले. “मग आज गूळ तूच वाट.”

बाई पदर खोचून बसल्या. तराजू उचलला आणि थबकल्या. वजनाच्या पारड्याखाली चिंधीत गुंडाळलेला एक खडा बांधलेला होता.

“बाबा! दर्ग्यात मापात पाप?”

बाबा नुसते हसले.

बाईंनी चिंधी सोडली, खडा बाजूला ठेवला आणि वजन टाकून गूळ जोखायला लागल्या. हात कसा स्थिर, अगदी कोर्टातल्यासारखा!

रांगेत पहिली हलीमाबी. तिने गूळ हातावर खालीवर केला. “इत्ताच?”

मागोमाग गोदाक्कानेही आपला वाटा घेतला. “ओ जजबाई, गेल्या साली तर वंजळीत मावत नव्हता!”

“वजन तेच आहे,” बाई म्हणाल्या.

“वजन तेच आसंल हो. गूळ कुठाय?”

रांगभर हशा पिकला. बाईंचे कान लाल झाले. त्यांनी बाबांकडे पाहिलं.

“रिकामा उचल,” बाबा म्हणाले.

बाईंनी वजन काढलं, गूळ काढला आणि तराजू उचलला.

गुळाचं पारडं खाली बसलं. त्यात काहीच नव्हतं. कधीतरी फुटलेल्या त्या पारड्याला तळाशी जाड पत्र्याचं ठिगळ मारलेलं होतं.

बाईंनी तो खडा वजनाच्या पारड्यात टाकला, तशी दोन्ही पारडी सारखी झाली...

“हा... हा पासंग?” त्यांनी खड्याकडे बोट दाखवलं.

“हाच. तुझे वकील ज्याचं नाव घेतात तो.”

बाईंना एकदम हसू फुटलं. आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. हलीमाबी हसली, गोदाक्का हसली, सगळी रांग पुन्हा हसली. सोपानचा खटला उभा राहिल्यापासून बाई एवढ्या मोकळ्या हसल्या नव्हत्या.

मग दोघींचा गूळ परत घेऊन, खडा स्वतःच्या हाताने बांधून, त्यांनी पहिल्यापासून वाटप केलं. कुणी तक्रार केली नाही. गोदाक्काने तर जाताना त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

निघताना बाई उंबऱ्यात घुटमळल्या.

“बाबा... उद्या खडा केवढा बांधू?”

बाबांनी उरलेल्या ढेपेतला गुळाचा एक खडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

“हा तोंडात टाक, बेटी. तो दुसरा केवढा, ते सोपानच्या रिकाम्या तराजूला विचार.”