वाटेत बसलेली तेजी

उन्हाला कामाला लावायची विद्या रानात नुकतीच आली होती, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याकाठच्या पायवाटेवर दिवा लागणार म्हणून सारं रान हरखलं होतं. दिव्याला वीज देणारी सोलर प्लेट, तेजी, आनंदाने नुसती लकाकत होती.

"मला वाटेतच बसवा," ती दिवा बसवणाऱ्या माकडदादाला म्हणाली. "सगळ्यांची पावलं मला लागू देत."

"अगं, पावलं झेलायला मी आहे," वाटेतला काळा दगड म्हणाला. "तू ऊन झेल."

तेजीने ऐकलं नाही. दिवसभर हरणं, ससे, गवे तिच्यावरून गेले. प्रत्येक पावलागणिक ती सुखावली. पण अंगावर धूळ साचली, ओरखडे उठले, गर्दीची सावली हटेना. संध्याकाळी दिवा लागलाच नाही. अंधारात म्हाताऱ्या साळूबाईचा पाय मुरगळला.

तेजीचा जीव कळवळला. "माकडदादा, वाटेवर छप्पर घाल आणि मला त्यावर ठेव," ती म्हणाली.

माकडदादाने धूळ पुसून तिला वर चढवलं आणि दुसऱ्या दिवशी छपरावर तिला पोटभर ऊन मिळालं. तिन्हीसांजेला दिवा लागला आणि रानभर एकच गलका झाला. साळूबाई लंगडत सगळ्यांच्या पुढे निघाली.

"दगडोबा, पावलं कशी लागतायत?" तेजीने वरून विचारलं.

"जड," दगड म्हणाला. "पण आज कुणी ठेचकाळलं नाही."