दिराच्या तोंडून

फार मागची गोष्ट. माळावरच्या एका गावात पाण्याचे हाल होते, म्हणून गावानं विहीर खोदणारी टोळी बोलावली. टोळीची मुकादम एक बाई होती. आधी तिचा नवरा मुकादम होता. तो गेला, आणि माती ओळखणारं दुसरं कुणी टोळीत उरलं नाही. चिमूटभर माती चुरून पाहिली की कुठं कातळ लागेल, कुठं ढासळेल, ते ती सांगायची. म्हणून मुकादमी तिच्याकडे आली.

आली खरी, पण मानली कुणी नाही. ती म्हणायची, "इथं काठाला उतार द्या." गडी पहारी टेकवून उभे राहायचे. एखादा हसून म्हणायचा, "वहिनी, चुलीवर भात लागला असेल, बघा जाऊन." मग तिचा दीर तेच म्हणायचा, "इथं उतार द्या रे," की लगेच पहारी चालू.

तिनं भांडून पाहिलं, तर म्हणाले, बाई फार कडक. गोड बोलून पाहिलं, तर म्हणाले, बाईत दमच नाही. शेवटी तिनं दिराला बाजूला घेतलं.

"भाऊजी, मी तुमच्या कानात सांगत जाईन, तुम्ही मोठ्यानं म्हणा. काम तर होऊ दे."

"मला काय," दीर म्हणाला, "माझा घसा शाबूत आहे."

आणि काम झालं, बघा. विहीर खोल गेली. गाव दिराला शाबासकी देऊ लागलं. हळूहळू त्यालाही वाटायला लागलं, की माती आपल्यालाच कळते.

एके दिवशी दीर स्वतः दोघांना घेऊन तळाशी उतरला. ती वर होती. काठाच्या मागं जमिनीला केसासारखी भेग गेलेली तिला दिसली. नखानं उकरून पाहिलं, तर आत माती ओली.

"दोर ओढा," ती रहाटावरच्या गड्यांना म्हणाली. "तिघांना वर घ्या. आत्ता."

गड्यांनी दोर धरला, पण ओढला नाही. सवयच तशी पडली होती. एकानं वाकून खाली हाक दिली, "दादा, वहिनी वर या म्हणतात. काय करू?"

तिनं स्वतः दोराला हात घातला. गड्यानं तिचा हात हलकेच बाजूला केला. "थांबा वहिनी, त्यांना बोलू द्या."

खाली दीर घुटमळला. वर यावं असं त्यालाही वाटलं असेल. पण शेजारी दोघं त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"एवढी पाटी भरतो," तो म्हणाला. "मग बघू."

पाटी भरली नाही. काठ खचला. आवाज थांबला तेव्हा विहिरीत नुसती माती होती.

गाव जमलं. पाटलानं रहाटावरच्या गड्यांना विचारलं, "हिनं तुम्हाला दोर ओढायला सांगितलं होतं का?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या बाजूनं बोलणारे तेवढेच होते. गडी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग एकजण म्हणाला, "वारा होता, पाटील. नीट ऐकू आलं नाही."

"बाईच्या हाती टोळी दिल्यावर दुसरं काय होणार," पाटील म्हणाला, आणि मुकादमी दुसऱ्याला दिली.

नव्या मुकादमानं नवी जागा आखली. कंबरभर खड्डा झाला आणि खाली उतरायला कुणी धजेना. तेव्हा तोच रहाटावरचा गडी तिच्या दारी आला. ती दळत होती.

"वहिनी, एकदा येऊन माती बघा. मला हळूच सांगा, मी नव्या मुकादमाच्या कानात सांगेन."

तिनं जातं थांबवलं. "आणि मी वर या म्हटलं, तर दोर ओढशील?"

त्यानं उंबऱ्यावरचा पाय मागं घेतला. आला तसा तो निघून गेला. तिनं जात्यात मूठभर दाणे टाकले.

त्या गावच्या बाया अजून लांबच्या ओढ्यावरून पाणी आणतात.

तात्पर्य काय, तर ज्याचं शहाणपण हवं, त्याची हाकही ऐकावी लागते. शहाणपण तेवढं घेतलं आणि माणसाला बाजूला सारलं, तर वेळ आल्यावर दोर कुणी ओढत नाही.