भिंतीला कान लावणारी हौसा

आपल्या पणज्यांच्याही पणज्यांनी पाहिलेली ही गोष्ट. त्या उन्हाळ्यात गुरसाळवाडीत कुणाला स्वस्थ बसता येत नव्हतं. जेवताना खाज, भजनात खाज. टाळ वाजवणाऱ्यांचे हात टाळ सोडून पोटऱ्यांकडे धावत. घरोघर पिसवा झाल्या होत्या आणि कुत्र्यांच्या कानांत गोचिडांचे घोस लटकत होते. हसू नका, सांगताना माझीही मान खाजते आहे.

शेवटी पाटलांनी हुकूम काढला, की येत्या अमावस्येला वाडीतली सगळी कुत्री मारायची. हौसा धनगरीण तडक चावडीवर गेली. नवऱ्यामागे तिला तांबड्या कुत्र्याखेरीज कुणी नव्हतं. अमावस्येच्या आत वाडी साफ करून दाखवते, असं ती बोलून बसली.

हौसा भिंतीला कान लावायची आणि आत गोचीड चालत असले तर तिला ऐकू यायचं, असं म्हणतात. तिथली भेग ती चुना-मातीनं लिंपायची, जमीन सारवायची, गोधड्या उन्हात टाकायची, कुत्र्यांचे गोचीड वेचून कढत पाण्यात बुडवायची. तिची मातीची पाटी म्हणे रिकामीच होत नसे. पण आज साफ केलेलं कुत्रं उद्या पुन्हा भरलेलं. दुपारची सगळी कुत्री पाटलांच्या भिंतीच्या सावलीला पडत, आणि तेवढंच घर लिंपायचं राहिलं होतं. आमच्याकडे असली घाण नाही म्हणून पाटील तिला उंबरा चढू देत नव्हते.

अमावस्या उजाडली. माणसं काठ्या घेऊन निघाली. हौसा तांबड्याला कवटाळून पाटलांच्या भिंतीशी बसली.

"पाटील, मारायचं तर मारा. पर आदी हितं कान लावा."

पाटलांनी चारचौघांत कान लावला. वाळक्या पाल्यावरून गुरं चालावीत तशी आत सरसर चालली होती. सबंध भिंत जागची हलत होती, असं म्हणतात. पाटलांचा चेहरा उतरला.

"हौसा, आमच्यातबी हायती," ते म्हणाले, आणि स्वतः माती कालवायला बसले. लोकांनी काठ्या टाकल्या. त्या रात्री वाडी कितीतरी दिवसांनी झोपली.

हौसा कधीच गेली. पण वाडीत अजून दर उन्हाळ्यात एका अमावस्येला कुत्र्यांना न्हाऊ घालतात आणि शेजारी शेजाऱ्याची भिंत लिंपतो. त्याआधी घरचा कर्ता दारात उभा राहून मोठ्यानं सांगतो, "आमच्यातबी हायती." घरात एकही पिसू नसली तरी सांगतो. पहिला मान पाटलांचा असतो.