पांढरा दगड

बर्फाच्या डोंगरांत अजून माणूस पोचला नव्हता, तेव्हाची गोष्ट. तिथल्या नदीत उभं राहून ट्राउट मासे गळाला लावायची अस्वलरावांना भारी हौस, आणि त्यांची वाटाडी होती एक म्हातारी पाणमांजरी. पाण्यात उतरतानाच तिने काठाजवळचा पांढरा दगड दाखवला.

"दुपारी वरचं बर्फ वितळतं. हा दगड बुडाला की मुकाट्याने माघारी फिरायचं."

दुपारी एक मोठा ट्राउट गळाला आमिष म्हणून बांधलेल्या पिसांच्या खोट्या माशीभोवती घुटमळू लागला. पाणमांजरीने वळून पाहिलं. दगड कोरडा होता, पण सकाळी अस्वलरावांच्या गुडघ्याशी असलेलं पाणी आता पोटाला लागलं होतं.

"चला," ती म्हणाली.

"दगड दिसतोय की अजून."

तेवढ्यात ट्राउटने गळ गिळला. दोरीला हिसका बसला आणि अस्वलरावांचा पाय सरकला. पाणमांजरीने दाताने दोरी तोडली, त्यांना ढकलत ढकलत काठावर आणलं. मागोमाग लोंढा आला आणि एकावर एक ठेवलेले दोन पांढरे दगड घेऊन गेला.

अस्वलरावांनी मान खाली घातली. "तू नवी माशी बांधत होतीस, तेव्हा वरचा मी ठेवला."

"मला फसवलंत ते ठीक," अंग झटकत पाणमांजरी म्हणाली. "नदीला कसं फसवणार होता?"