राजवाड्यातला ओढा

एका राज्यात सगळी भांडी लख्ख होती. चिंच आणि राख लावून ती सकाळी घासत, संध्याकाळी पुन्हा घासत. तिथला राजा भद्रायू याने नगरातले रस्ते घासून घेतले, देवळांच्या पायऱ्या घासून घेतल्या, आणि घासण्यासारखं काही उरेना तेव्हा राजवाड्यामागचा ओढा घासायला काढला. दगडांवरचं शेवाळ खरवडलं, पाला उपसला, तळाला संगमरवर बसवला. ओढा आरशासारखा झाला आणि त्यातला जीव न् जीव मेला.

ओढ्याची यक्षिणी दरबारात आली. तिच्या केसांतून पाणी गळत नव्हतं, कारण ओढ्यात जिवंत पाणीच उरलं नव्हतं. ती म्हणाली, "राजा, तुझा मुलगा आजपासून मासा. माझा ओढा तू मोडलास, आता तुझ्या घरात मावेल एवढा ओढा वसव. त्या पाण्यात नवं पिल्लू जन्मेल, त्या दिवशी मुलगा परत मिळेल. मासा मेला, तर मुलगा मेला." आणि राजपुत्र सोमकांत गालिच्यावर तडफडू लागला.

राजकन्या वेत्रवती सात डोंगरांपलीकडे जलविद्या शिकत होती. निरोप मिळताच ती निघाली. घरी येऊन पाहते तो भाऊ चांदीच्या घंगाळात, गुलाबपाण्यात, वर तोंड काढून धापा टाकतोय. भोवती दासी पंखे घेऊन उभ्या. राणी त्याला केशरी भात भरवत होती.

वेत्रवतीने भात काढला, गुलाबपाणी ओतून दिलं, काचेचं मोठं कुंड करवून घेतलं. विहिरीचं पाणी आणून उन्हात ठेवलं. पाणी दोन दिवस शिळं होऊ दे, असं बजावून ती निजली. सकाळी भांड्यांवरची मुख्य दासी सगुणाक्का हिने ते शिळं पाणी फेकून ताजं भरलं होतं. राजपुत्राला शिळं कसं द्यायचं, असं ती म्हणाली. राणीने तिला शाबासकी दिली होती.

"आईसाहेब, तिकडे आम्ही हेच शिकलो," वेत्रवती म्हणाली.

"तिकडचं तिकडे," राणी म्हणाली. "इथे पाहुण्यालासुद्धा आम्ही ताजं पाणी देतो."

सोमकांताने काठाशी येऊन तोंड वर काढलं. "वेत्रा," तो म्हणाला, "यांचे हात बांध."

हात बांधता येईनात, म्हणून वेत्रवती डोंगरावर गेली. तिथे ओढ्याचा उगमाजवळचा एक डोह राजाच्या माणसांना सापडला नव्हता. डोहावरच्या फांदीवर खंड्या बसला होता. तो म्हणाला, "तुझ्या भावाला मीच खाल्लं असतं. पण शापाचं मांस कडू लागतं."

वेत्रवतीने त्याला भावाला वाचवायचा उपाय विचारला. खंड्याने तीन गोष्टी सांगितल्या. शेवाळ धरलेले दगड ने, डोहाचं जुनं पाणी ने, आणि झिंग्याला ने. पहिल्या दोन गोष्टी उचलायच्या, तिसऱ्याला विचारायचं.

झिंगा दगडाखालून नांग्या उगारून बाहेर आला. बोलणं ऐकून त्याने तीन अटी घातल्या. मला लपायला कपार हवी. पाण्याला तांब्याचं भांडं लावू नये, तांबं मला विष आहे. आणि मी जे टाकीन ते कुणी उचलू नये. वेत्रवतीने तिन्ही कबूल केल्या. तेव्हा झिंगा मडक्यात उतरला, आणि तो निघाला म्हणून मळे नावाचे मूठभर बारके मासेही त्याच्यामागून उतरले.

कुंडाच्या तळाला वाळू पडली, वर दगड रचले गेले, कपार झाली. महादेवावर गळती असते तसं एक मातीचं मडकं वर टांगलं, त्यातून पाणी ठिबकत राहिलं. सोमकांत मळ्यांच्या थव्यात शिरला आणि प्रथमच खाली, मधल्या पाण्यात, सुखाने पोहला.

मग राजवाड्याची माया सुरू झाली. सगुणाक्काने मातीचं मडकं काढून तांब्याचा हंडा टांगायला आणला. वेत्रवतीने तो खिडकीतून फेकला. राणीने लाह्या टाकल्या. वेत्रवतीने त्या एकेक करून वेचल्या. राणीने पुरण टाकलं. पुरोहिताने हळदकुंकू वाहिलं. काचेवर हिरवं धरू लागलं, तेव्हा राजा स्वतः राखेची वाटी घेऊन आला. त्याला तिने दारातूनच परत पाठवलं. सात डोंगर चढताना ती दमली नव्हती, ती इथे दमली.

आणि एका सकाळी वाळूवर झिंगा उताणा पडलेला दिसला. नांग्या, मिशा, पाय, सगळं जिथल्या तिथे, पण आत काही नाही. सगुणाक्काने गळा काढला. राजाने पागोटं उतरवलं. घरात मरण झालं की भरलेलं सगळं पाणी ओतायचं आणि भांडी घासायची, हा त्या कुळाचा रिवाज. घागरी रित्या होऊ लागल्या. रांजण रिते झाले. दासी ओळीने कुंडापाशी आल्या, आणि आत सोमकांत दगडाआड थरथरत राहिला.

वेत्रवती कुंडापुढे उभी राहिली. तो मेला नाही, त्याने कात टाकली आहे, असं तिने सांगितलं. कुणाला पटेना, मढं तर समोर दिसत होतं.

"बाजूला हो, बाळ," राजा म्हणाला. "कुळाचार आहे."

"बाबासाहेब, कुळाचार पाळायला कूळ तरी उरू द्या. तुम्ही सगळे त्याच्यावर माया करता, आणि त्या मायेनेच तो मरतोय. मला धन नको, सैन्य नको. आज सूर्य मावळेपर्यंत काही करू नका. काहीही करू नका. एवढंच मागते."

भद्रायूने लढाया मारल्या होत्या, गड घेतले होते. काही न करता तो कधी बसला नव्हता. तो कुंडासमोर जमिनीवर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. राणी त्याच्याशेजारी बसली. सगुणाक्का उभीच राहिली, तिला बसवेना.

दुपार गेली. राजाने पाण्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. उन्हं कलली तेव्हा कपारीतून एक फिकट, मऊ जीव हळूच बाहेर आला. तोच झिंगा. तो आपल्याच चिलखतापाशी गेला आणि ते कुरतडून खाऊ लागला.

"मेलेला जेवतोय," राजा पुटपुटला.

"अंगावरची ढाल पुन्हा टणक व्हायला ते लागतं त्याला," वेत्रवती म्हणाली. "म्हणून उचलू नका म्हणाला होता."

सगुणाक्काला मात्र काचेवरचं हिरवं आता सोसवेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती पुढे झाली, वाकली, आणि तशीच थांबली.

"राणीसाहेब," ती म्हणाली, "घाण हलते आहे."

हिरव्या शेवाळात दोन डोळे आणि एक शेपटी, एवढीच मळ्यांची पिल्लं चरत होती. कुठे होती ती, सांगता येईना. पाहावं तिथे होती. सगुणाक्काने पदर सोडला. कुंडातलं पाणी फुगलं, काठावरून उसळलं, आणि त्यातून सोमकांत आपल्या पायांनी बाहेर आला.

राणीने त्याला कवटाळलं आणि ताट वाढायला सांगितलं. राजाने हात मांड्यांखालून काढले, आणि पहिला हुकूम दिला तो ओढ्यातला संगमरवर उपटण्याचा. फरशीवर पाणीच पाणी झालं होतं. सगुणाक्का पोतेरं घेऊन आली, पण पुसेना. तिने वेत्रवतीकडे पाहिलं. राजानेही पाहिलं. राणीनेही पाहिलं.

"ते पुसा," वेत्रवती म्हणाली. "ती फरशी आहे."

त्यांचा ओढा त्यांना मिळाला, तुमचा तुम्हाला मिळो. आणि मिळाला, तर कृपा करून घासू नका.