मतदाराला काढण्याचा ठराव

मिरजेत सात म्हाताऱ्यांचं एक अराज्यवादी मंडळ होतं. कुणी कुणावर राज्य करू नये, म्हणून राज्यकर्ता निवडायला मतही देऊ नये, हा त्यांचा बाणा. बायको गेल्यापासून निवृत्त प्राध्यापक त्र्यंबक हर्डीकरांना गुरुवारची ही बैठक सोडली तर बोलायला दुसरं माणूस उरलं नव्हतं.

त्या गुरुवारी मात्र ते डावा हात खिशात घालूनच आले. नगरसेवकपदाचा एक उमेदवार चौकातल्या भाजीवाल्या बायांना उठवणार म्हणत होता. त्याला पाडायला हर्डीकर मत देऊन आले होते. आपलं चुकलं की काय, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. बशीत चहा ओतताना दोन्ही हात लागले, आणि बोटावरची शाई अध्यक्ष अ‍ॅडव्होकेट मुळगुंदांना दिसलीच.

"प्राध्यापक, तत्त्व विकलंत तुम्ही," मुळगुंद गरजले. "यांना मंडळातून काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

मुळगुंदांसकट पाच हात वर गेले. हर्डीकर जायला उठले. एक चप्पल पायात, दुसरी सापडेना. ते चाचरत म्हणाले, "जातो मी. पण मत देणाऱ्याला इथे जागा नाही ना? मग हात वर केलेल्यांनीही चला माझ्याबरोबर. मी निदान बायांना उठवू नये म्हणून मत दिलं. तुम्ही मला उठवायला देताय."

एकेक हात खाली आला. मुळगुंदांनी वर केलेल्या हाताने टक्कल खाजवलं.

"पुन्हा चहा सांगायचा का?" एकाने हळूच विचारलं.

"विचारू नका," मुळगुंद म्हणाले. "सात सांगा."